नव्या मुलीची खुर्ची

रविवारी सकाळी गणिताच्या बाई जेवणाच्या टेबलावरची मीठ-साखरेची भांडी उचलून खिडकीत ठेवू लागल्या, की समजायचं, आज घरात शाळा भरणार. बाई निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण गल्ली त्यांना अजून याच नावानं ओळखते आणि त्यांच्या नवऱ्याला सर म्हणते. घरातही तेच चालतं. 'कधीतरी मला नावानं हाक मार की,' असं सर एकदा म्हणाले, तर बाईंना चटकन नाव आठवेना, असं त्यांची धाकटी लेक सांगते. धाकटी पदरचं घालते, पण अगदीच हवेत गोळीबार करत नाही.

घरच्या तालमीची रीत सरांच्या आईनं घातलेली. घराण्यातली पहिली शिक्षिका ती. नवा पाठ आधी घरच्यांपुढे घ्यायचा, मग वर्गात न्यायचा. घरच्यांनी मुलं व्हायचं, तीही नुसती गुणी मुलं नव्हे. पेल्यावर चमचा वाजला की वर्ग भरला; पुन्हा वाजेपर्यंत घरात कुणीही मोठं नाही. ज्याचं सोंग त्याला ठरलेलं. सर मागच्या बाकावरचे टवाळ. जन्मभर शिस्तीचा बडगा उगारलेल्या माणसाला हे सोंग इतकं कसं साधतं, याचं बाईंना अजून कोडं आहे. स्वतः बाई चुगलखोर. थोरला मुलगा झोपाळू, त्यात त्याला अभिनय फारसा करावा लागत नाही. धाकटी, स्वतः शिकवत नसेल तेव्हा, वर्गातली सगळ्यात हुशार. आणि सून, नवीन मुलगी. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी सरांनी तिला ते सोंग दिलं होतं, स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खुर्चीसकट.

आजची तालीम मात्र नुसती हौसेची नव्हती. उद्या सकाळी धाकटीला ती शिकवते त्या शाळेच्या समितीपुढे पाठ घ्यायचा होता, आणि त्या पाठावरून आधारवर्ग ठेवायचा की मोडायचा हे ठरणार होतं.

आधारवर्ग म्हणजे व्हरांड्याच्या टोकाची, सायकल-स्टँडला लागून असलेली खोली. मागे पडणाऱ्या मुलांना तिथे निवांत शिकवायचं, ही कल्पना सरांची. मुख्याध्यापक असताना त्यांनीच तो वर्ग काढला. बघता बघता त्या खोलीत गोदीवस्तीतलीच मुलं दिसू लागली. गोदीवस्ती म्हणजे पणजोबांच्या काळात बंदरावर राबायला समुद्रापलीकडून आणलेल्या काळ्या माणसांची नातवंडं-पतवंडं. खोलीवर तशी पाटी नव्हती. व्हरांड्यातून एक फेरी मारली की पाटीची गरज उरत नसे.

सून त्याच वस्तीतली. आता दातांची डॉक्टर. थोरला सुतार. 'दोघंही भोकं पाडून पोट भरतात,' असं सर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. त्यांची मुलगी आईच्या रंगाची आणि आजोबांच्या जिभेची, म्हणून घरात तिचं नाव वकीलबाई. नव्या शैक्षणिक वर्षात ती याच शाळेत पाचवीला जाणार होती. पण मागच्या आठवड्यात शाळेतून फोन आला: मुलगी गोड आहे, फक्त सुरुवात आधारवर्गातून करू या, तिला सोपं जाईल. मुलाखतीत वकीलबाईनं एका प्रश्नाचं उत्तर दिलं होतं आणि बाकीच्यांवर उलट प्रश्न विचारले होते.

डॉक्टरनं फोन ठेवून शांतपणे सांगितलं होतं, "ती त्या खोलीत बसणार नाही. आणि तिच्या एकटीसाठी कुणी शब्द टाकायचा नाही. खोली राहिली तर मी तिला दुसऱ्या शाळेत घालीन."

दुसरी शाळा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. शाळेतून जेवायला येणाऱ्या नातीसाठी बाईंनी मनात रोज दुपारचं एक ताट वाढून ठेवलं होतं. ते आता अधांतरी लोंबकळत होतं.

समितीत सरांचं मत जड होतं. ते कुठल्या बाजूला पडणार हे सरांनी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे सगळ्यांना कळलं होतं.

"तुम्ही नुसतं बसा हं आज," बाई खुर्च्या लावता लावता म्हणाल्या. "पोरीला घाबरवू नका."

"मी टवाळ आहे. टवाळ घाबरवत नाहीत, पीडतात."

"तेच ते."

"आणि पाठ चांगला असेल तर मी चांगलाच म्हणेन," सर म्हणाले. "पाठ चांगला असणं निराळं आणि वर्ग मोडणं निराळं."

बाईंनी एक खुर्ची जरा जोरातच जमिनीवर टेकवली.

*

धाकटीनं भिंतीवर शहराचा नकाशा चिकटवला आणि टेबलावर प्रश्नांच्या चिठ्ठ्या मांडल्या. आधारवर्गातली आणि मोठ्या, म्हणजे नेहमीच्या, वर्गातली मुलं एकत्र बसवली तर दोघांचंही नुकसान होतं, असं समितीतले लोक म्हणत. तसं होत नाही, हे तिला उद्या डोळ्यांदेखत दाखवायचं होतं. पाठ तिनं जीव ओतून बसवला होता. शहरात एकच नवं वाचनालय बांधायचं आहे. बाजार, टेकडी, नवी वसाहत आणि गोदीवस्ती, चौघांना न्याय होईल अशी जागा शोधा. वर्तुळ काढा, अंतरं मोजा, भांडा, पण कारण द्या.

"आज वर्गात एक जास्त आहे," सर वकीलबाईच्या पाठीवर हात ठेवत म्हणाले. "आता मोठी झालीस. बस तालमीला."

वकीलबाईनं एवढा मोठा श्वास घेतला की तिचा फ्रॉक वर उचलला गेला. इतकी वर्षं तिला या वेळी अंगणात पिटाळलं जाई. "मी कोण होऊ?"

"तू... तू नवीन मुलगी हो. तुझ्या आईची खुर्ची घे. आणि डॉक्टर, तुला आज बढती. काय होतेस बोल."

हे सर इतक्या लाडानं बोलले की थोरला आणि बाई हसलेसुद्धा. डॉक्टर स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या त्या खुर्चीवर टेकली होती. ती उठली. लेकीला बसायला जागा देताना तिचा हात खुर्चीच्या पाठीवर किंचित रेंगाळला.

"मी हुशार होते," ती म्हणाली.

"ते तर धाकटीचं आहे."

"धाकटी आज बाई आहे. जागा रिकामी आहे, सर."

"बसू दे की," थोरला म्हणाला. "कुणाला तरी उत्तरं यायला हवीत. मी झोपणार."

सरांनी पेल्यावर चमचा वाजवला.

*

सुरुवात झकास झाली. सरांनी पहिल्याच मिनिटाला कागदाचा बाण करून फेकला. बाईंनी तत्काळ, "बाई, यानं बाण मारला, आणि काल पण मारला होता," अशी तक्रार केली. धाकटीनं दोघांना अशा काही नजरेनं गार केलं की सर मनातल्या मनात म्हणाले, आली, पोरीला नजर आली. थोरला टेबलावर डोकं ठेवून खराच पेंगू लागला.

मग धाकटीनं चिठ्ठ्या वाटल्या. सरांना पांढरी. बाईंना पांढरी. थोरल्याच्या कोपराखाली पांढरी सरकवली. डॉक्टरपाशी तिचा हात आधी पिवळ्या गठ्ठ्याकडे गेला, मग काहीतरी आठवून पांढऱ्याकडे वळला. वकीलबाईला पिवळी.

"नवीन मुलगी, तू सांग बरं, बाळ. नकाशातलं हे निळं निळं काय आहे?"

वकीलबाईनं चिठ्ठी पाहिली, नकाशा पाहिला, मग आत्याकडे पाहिलं. "समुद्र."

"अगदी बरोबर! शाब्बास! टाळ्या वाजवा रे हिच्यासाठी."

टवाळानं आणि चुगलखोरानं टाळ्या वाजवल्या.

"आत्या, बाबांच्या चिठ्ठीत काय आहे?"

"आत्या नाही, बाई म्हण. झोपाळ्या, ऊठ, वाच."

थोरला चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन वाचू लागला, "चारही भागांना न्याय होईल अशी वाचनालयाची जागा सुचवा आणि... आणि ती का, ते... अवघड आहे हो बाई हे."

"मला येतं!" वकीलबाईनं हात वर केला.

"थांब हं, राणी. तुला सोपा देते आणखी एक."

"सोपा का?"

"तू नवीन आहेस ना वर्गात."

"मी जुनी कधी होणार?"

धाकटी हातातल्या पिवळ्या चिठ्ठ्या उगाचच सारख्या करू लागली.

तेवढ्यात डॉक्टर हसली. छद्मी नव्हे, रागानं नव्हे, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिचं हे असं हसणं घरात कुणी फारसं ऐकलं नव्हतं. थोरल्याची झोप पार उडाली.

"विचार, विचार त्यांना," ती डोळे पुसत लेकीला म्हणाली. "तू माझ्या पोटात होतीस तेव्हाही मी नवीनच होते. तुला चालता यायला लागलं तरी नवीन. तू वकील झालीस, मी आपली दाराजवळ बसून 'हा कुठला रंग, हा कुठला प्राणी' सांगतेय."

"अगं, ते सोंग आहे," सर म्हणाले. "खेळ आहे तो आपला."

"हो सर, खेळच. म्हणून तर कधी बोलले नाही. पण सोंगं इतकी वर्षं कुणीच बदलली नाहीत, आणि आज बदललंत ते थेट हिला दिलंत. ही तर याच घरात जन्मली. हिच्याइतकी जुनी इथे दुसरी कोण आहे?"

बाईंना कानशिलं तापल्यासारखी वाटली. दर रविवारी नव्या मुलीची चुगली करायचं त्या टाळत आल्या होत्या. बिचारी नवीन आहे, म्हणून. टवाळाची करायच्या, झोपाळ्याची करायच्या. लाड म्हणून टाळलेली ती चुगली आता त्यांना टोचू लागली.

*

धाकटी चिठ्ठ्यांकडे बघत उभी होती. उद्याच्या पाठासाठी लिहिलेल्या याच चिठ्ठ्या होत्या. पांढऱ्या मोठ्या वर्गासाठी, पिवळ्या आधारवर्गातल्या मुलांसाठी, म्हणजे कुणी पाहुण्यांपुढे अडखळायला नको, कुणाचा हिरमोड नको. रात्री जागून तिनं पिवळ्या जास्त काळजीनं लिहिल्या होत्या. एकेकीवर हसरा चेहरासुद्धा काढला होता.

"वहिनी," ती म्हणाली, "मी भिंत पाडायला निघाले आणि ती पिवळ्या कागदाची करून वर्गात घेऊन चालले होते."

"हसऱ्या चेहऱ्यासकट," थोरला म्हणाला. त्यानं ते धाकटीला हसू यावं म्हणून म्हटलं होतं, आणि तिला ते आलंही, रडकं.

"दादा, तू झोप."

सर उठून खिडकीशी गेले होते. भांड्यांमधलं एक उगाचच सरळ करत ते म्हणाले, "म्हणजे मी जन्मभर काय केलं, असं तुमचं म्हणणं? मी त्या खोलीत दया वाटत नव्हतो. मोठ्या वर्गात ती मुलं तुडवली जात होती. मी चांगल्यातले चांगले शिक्षक तिथे दिले. स्वतः शिकवलं. आणि कोण म्हणतं तिथून मुलं वर येत नाहीत? तू आलीस. मी चारचौघांत अभिमानानं सांगतो, आमच्या आधारवर्गाची मुलगी आज डॉक्टर आहे."

सर हे सांगत तेव्हा त्यांचा चेहरा कसा उजळतो ते डॉक्टरनं कितीदा पाहिलं होतं, आणि म्हणूनच ती गप्प राहत आली होती.

"सर," ती हळू आवाजात म्हणाली, "मी तिथून वर नाही आले. मामानं मला मध्येच काढून दुसऱ्या शाळेत घातलं. तिथे पहिल्या दिवशी मला गणितात भोपळा मिळाला. घरी येऊन मी रडले आणि मामाला म्हटलं, ही शाळा वाईट आहे, इथे चुका काढतात. तुमच्या खोलीत मला कुणी कधी चूक म्हटलंच नव्हतं. तुम्ही फार प्रेमळ होतात. काहीही लिहिलं तरी छान, छान."

सरांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. बाई सवयीनं त्यांच्या मदतीला धावणार होत्या, 'अगं, पण त्यांचा हेतू,' असं काहीतरी ओठांवर आलंही होतं. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि ओठ मिटून त्या तिच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. सरांनी ते बसणं पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात बाजू बदलायला बाईंना एक खुर्ची पुरते, हे त्यांना ठाऊक होतं.

"मदत लागणारी मुलं असतातच," सर शेवटी म्हणाले. आवाज टवाळाचा नव्हता, मुख्याध्यापकाचाही नव्हता. "खोली मोडली की त्यांनी काय करायचं? मोठ्या वर्गात पुन्हा भिंतीशी बसून राहायचं? हे मला खरंच कळत नाही, म्हणून विचारतो."

"मदत त्यांच्या बाकापाशी जाऊ दे," डॉक्टर म्हणाली. "त्या खोलीतले शिक्षक मोठ्या वर्गात येऊन बसू देत. ज्याला लागेल त्याच्या शेजारी. मग तो गोदीवस्तीतला असो नाहीतर टेकडीवरचा. लागणारे टेकडीवरही पुष्कळ आहेत, सर, त्यांची अक्कलदाढ मी रोज बघते."

थोरला खो खो हसला. सरही ओठांच्या एका कोपऱ्यातून.

"एका वर्गात दोन शिक्षक," ते पुटपुटले. "भांडतील."

"आपण नाही एका घरात राहिलो?" बाई म्हणाल्या.

*

धाकटीनं पिवळा गठ्ठा उचलला, उलटा केला आणि सगळ्या चिठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूवर एकच प्रश्न लिहायला बसली. थोरल्यानं आपणहून निम्म्या ओढून घेतल्या. त्याचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, पण आज कुणी काही बोललं नाही. बाईंनी चहा टाकला. आणि सरांनी पेला पुन्हा समोर ओढला.

"वर्ग भरतोय," ते म्हणाले. "नवीन कुणी नाही. सोंगं रद्द. ज्याला जे व्हायचं ते व्हा. वकीलबाई, तुझ्या बाबांनी वाचला तो प्रश्न लक्षात आहे?"

"आहे. आणि उत्तरपण आहे." ती नकाशापाशी जाऊन उभी राहिली, दोन्ही हात मागे, अगदी आजोबांसारखी. "वाचनालय बाजारात. कारण बाजार मधोमध आहे. चौघांना सारखंच अंतर. मी वितीनं मोजलं."

"वा!" बाईंच्या तोंडून निघालं.

"चूक," सर म्हणाले.

बाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. "अहो, पहिल्यांदाच उभी राहिलीय..."

"आई, थांबा," डॉक्टर म्हणाली. तिनं सासूच्या मनगटावर हात ठेवला होता, आणि तो घट्ट होता.

वकीलबाईचा चेहरा लाल झाला नाही, गडद झाला. धाकटीला स्वतःला आवरायला खुर्चीची कड धरावी लागली. 'पण किती छान विचार केलास' हे वाक्य तिच्या दातांमागे ताटकळत उभं होतं.

"का चूक?" वकीलबाईनं विचारलं.

"गोदीवस्तीतून बाजारात जायला बस कशी जाते?"

"नकाशात बस कुठे आहे?"

"नाही ना. मग विचारायचं होतंस. तू वितीनं मोजलंस. माणसं वितीवरून चालत जात नाहीत."

"प्रश्नात सगळी माहिती न देणं अन्याय आहे!"

"आहे," सर म्हणाले. "मग माग माहिती."

ती क्षणभर त्यांच्याकडे खाऊ की गिळू अशी बघत राहिली. मग आईकडे वळली. आई त्या बसमधून लहानपणी रोज गेली होती. तिला थांबे पाठ होते. पण तिनं खांदे उडवले. "मला नीट विचार. थांबे विचारायचेत, की वेळ, की किती बस बदलायच्या?"

"सगळं," वकीलबाई म्हणाली आणि पेन्सिल घेऊन आईच्या शेजारी येऊन बसली. प्रश्नामागून प्रश्न सुटले. बस बंदराला वळसा का घालते? पूर्वीपासून घालते का? टेकडीवाल्यांना गाड्या असतात, मग त्यांचं अंतर कसं धरायचं? म्हाताऱ्यांचं कसं? चहा आला, निवला. थोरला लेकीच्या मागे उभा राहून नकाशा बघत राहिला.

सर चमचा हातात घेऊन बसले होते, पण वाजवत नव्हते.

"धाकटे," ते मान न वळवता म्हणाले, "उद्या तुझा पाठ झाला की मी बोलेन. आधारवर्ग बंद करायचा ठराव मीच मांडतो."

धाकटीचं पेन थांबलं. "बाबा..."

"भावुक होऊ नकोस. मी उघडला तो. दुसऱ्या कुणी बंद केला तर मला राग येईल, आणि राग आला की मी विरोधात मत देईन. स्वभाव आहे माझा." मग डॉक्टरकडे न बघता, "शिक्षक बाकापाशी, हे तू सांगशील समितीला? माझ्या तोंडी ते उसनं वाटेल. बोलावलं तर येशील?"

"दवाखाना दुपारी उघडतो," डॉक्टर म्हणाली. "सकाळी मोकळी आहे. पण सर, तिथे माझी ओळख करून देताना..."

"सून म्हणून देईन. आणि गणितातला भोपळा सांगू का?"

"खुशाल सांगा."

"झालं!" वकीलबाई ओरडली. ती पुन्हा नकाशापाशी गेली. या वेळी हात मागे नव्हते, दोन्ही हातांनी ती बोलत होती. वाचनालय बंदराच्या वळणावर, जिथे दोन बस एकमेकींना भेटतात. टेकडीवाल्यांना उतरण आहे, नव्या वसाहतीला एकच बस, बाजार चालत.

सरांनी ऐकून घेतलं. डोळे बारीक केले. डॉक्टरच्या मनात आलं, आता ते छान म्हणतील, आणि तिला आश्चर्य वाटलं, की आपल्याला त्यांनी तसं म्हणायला नको आहे.

"निम्मं बरोबर," सर म्हणाले. "टेकडीवाल्यांना येताना उतरण. परत जाताना?"

वकीलबाईनं नकाशाकडे पाहिलं. मग धाडकन आईच्या शेजारच्या खुर्चीत येऊन आदळली आणि कागद पुढे ओढला.

"आई, आजोबांनी मला दोनदा पाडलं."

"बघितलं मी."

"तुला राग नाही आला?"

"नाही," डॉक्टर म्हणाली. तिनं निवलेल्या चहाचा घोट घेतला. "तुला आलाय?"

"खूप." वकीलबाईनं पेन्सिलीला टोक काढायला बाबांकडे हात पसरला, नजर आजोबांवरून न हलवता. "आजोबा, उठायचं नाही हं. तिसरं उत्तर देतेय."